पायथॉनमध्ये व्हेरिएबल: किंमत द्या, छापून बघा

गिडो व्हॅन रॉसम यांची पायथॉन ही भाषा १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात व्हेरिएबल आधी जाहीर करावे लागत नाही. किंमत दिली की ते तयार होते. २००८ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून त्याचे नाव देवनागरीतही चालते:

वय = १२
प्रिंट(वय)

पडद्यावर १२ उमटतात. (प्रिंट हा शब्द मात्र रोमन लिपीत, छोट्या अक्षरांतच टाइप करायचा आणि अंकही इंग्रजीच घ्यायचे.)

इथले ‘बरोबर’चे चिन्ह गणितातले नव्हे. आधी उजव्या बाजूची किंमत काढली जाते, मग ती डावीकडच्या नावाला जोडली जाते. म्हणूनच ‘वय = वय + १’ ही गणिताच्या वहीत चुकीची ठरणारी ओळ इथे बिनतक्रार चालते आणि वय १३ होते. दोन किमती सारख्या आहेत का, हे तपासायला तेच चिन्ह लागोपाठ दोनदा द्यावे लागते.

नवशिक्यांची हमखास गफलत होते ती अवतरणचिन्हांत. प्रिंट("वय") लिहिले, तर १३ नव्हे, ‘वय’ ही अक्षरेच छापली जातात. दोन्ही हवे असतील तर मध्ये स्वल्पविराम द्या: प्रिंट("वय", वय).

‘किंमत’ नाव देऊन पुढे अनुस्वार विसरून ‘किमत’ छापायला सांगितले, तर ‘नेम एरर’ येते. अशा वेळी घाबरू नका. संदेशाची शेवटची ओळ आधी वाचा. कोणते नाव सापडले नाही, ते तिथेच लिहिलेले असते.