सावधगिरी प्रोग्रामरची की भाषेची?

थेरॅक-२५ हे कॅन्सरच्या रुग्णांना किरणोपचार देणारे, कॅनडात बनलेले यंत्र. १९८५ ते १९८७ या काळात त्याने अमेरिका आणि कॅनडातील सहा रुग्णांवर प्रमाणाबाहेर किरणांचा मारा केला. त्यांतले काही दगावले. टेक्सासमधील अपघातांचा माग काढल्यावर जे हाती आले ते आजही अंगावर काटा आणते. इलेक्ट्रॉन उपचारासाठी ‘ई’ टाइप करायचा, तिथे हाताच्या सवयीने एक्स-रेचा ‘एक्स’ पडला. ऑपरेटरने चटकन मागे जाऊन तो दुरुस्त केला. यंत्रातील चुंबक जागेवर यायला सुमारे आठ सेकंद लागत. दुरुस्ती तेवढ्या वेळात आटोपली, तर प्रोग्रामचा एक भाग जुनी नोंद धरून चाले आणि दुसरा नवी. सावकाश टाइप करणाऱ्या नवख्याच्या हातून हे होण्यासारखे नव्हते. हात बसलेल्या ऑपरेटरकडूनच ते घडले. एकाच वेळी चालणारी दोन कामे एकाच मेमरीला हात घालतात आणि निकाल कोण आधी पोचले यावर ठरतो, त्या दोषाला रेस कंडिशन म्हणतात. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडातला ऑन्टारिओ मिळून सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली, तेव्हाही ओहायोतील नियंत्रण कक्षातली धोक्याची सूचना देणारी यंत्रणा अशाच दोषाने आधीच बंद पडलेली होती. अशा चुकांवर ‘जपून लिहा’ हा उपाय नाही. ही सावधगिरी भाषेनेच अंगावर घ्यायला हवी, आणि गेल्या साठ वर्षांचा इतिहास तेच दाखवतो.

डच शास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी साठच्या दशकात सामायिक मेमरीची वाट अडवणारा-सोडणारा सेमाफोर दिला. कल्पना बिनतोड होती, पण तो कुठे अडवायचा आणि कुठे सोडायचा हे सर्वस्वी माणसाच्या लक्षात राहण्यावर होते. सत्तरच्या दशकात टोनी होअर आणि पेर ब्रिंच हान्सेन यांनी मॉनिटर मांडला: माहिती आणि तिचे कुलूप एकाच कोठडीत ठेवायचे, आत शिरणाऱ्याला कुलूप आपोआप लागेल. ब्रिंच हान्सेन यांच्या कॉन्करंट पास्कलमध्ये ही शिस्त कंपायलरच पाळायला लावत असे. पुढे १९९५ साली आलेल्या जावाने मात्र कुलूप ऐच्छिक ठेवले. ‘सिंक्रोनाइझ्ड’ हा शब्द लिहायला विसरलात तरी प्रोग्राम मुकाट्याने चालतो. ब्रिंच हान्सेन यांनी १९९९ मध्ये यावर सडकून टीका केली, आणि ती रास्त होती. या विसरभोळेपणावर चांगल्या सवयींचा उतारा पुरत नाही, याचा पुरावा बर्कलीच्या एडवर्ड ली यांनी २००६ मध्ये स्वतःच्याच प्रकल्पातून दिला. त्यांच्या टॉलेमी प्रणालीचा गाभा जाणकारांनी तपासला होता, चाचण्यांत कोडची ओळन् ओळ चालवून पाहिली होती, आणि तरीही २६ एप्रिल २००४ रोजी, चार वर्षे बिनतक्रार चालल्यावर, तो डेडलॉकमध्ये, म्हणजे एकमेकांची वाट पाहत थांबलेल्या कामांच्या कोंडीत, अडकला.

दुसरी वाट सामायिक मेमरीच नाकारणारी. १९७८ मध्ये होअर यांनी स्वतंत्र प्रक्रियांनी केवळ निरोपांतून बोलावे असे मांडले. त्यातून ब्रिस्टलच्या इनमॉस कंपनीची ऑकॅम ही भाषा आणि तिच्यासाठी घडवलेली ट्रान्सप्युटर चिप आली. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये उभारलेला परम ८००० याच चिप्सवर चालत होता. एरिक्सनमध्ये १९८६ पासून जो आर्मस्ट्राँग आणि सहकाऱ्यांनी टेलिफोन एक्स्चेंजसाठी घडवलेली अर्लांग मला या सगळ्यांत सर्वात प्रामाणिक वाटते. तिच्यात एक प्रोसेस दुसरीच्या मेमरीला शिवूच शकत नाही. एखादी कोसळली तर तिच्यावर नेमलेली सुपरवायझर प्रोसेस तिला नव्याने उभी करते. व्हॉट्सअॅपने २०१२ मध्ये एकाच सर्व्हरवर वीस लाख जोडण्या पेलल्या, त्या याच भाषेच्या बळावर.

यावर आक्षेप असा की निरोप पाठवल्याने चुका टळत नाहीत. लॉअर आणि नीडहॅम यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस दाखवलेच होते की निरोपांची आणि कुलपांची रचना एकमेकींत रूपांतरित करता येते. गो भाषेत लिहिलेल्या डॉकर, कुबरनेटिस अशा सहा प्रकल्पांतील १७१ दोषांचा २०१९ मध्ये अभ्यास झाला, तेव्हा काम अडकवून ठेवणाऱ्या दोषांपैकी निम्म्याहून अधिक निरोपांच्या वापरातून आलेले निघाले. हा पुरावा गंभीर आहे. पण नीट पाहिले तर तो माझ्याच बाजूने बोलतो. गो निरोपांसाठी चॅनेल देते, सामायिक मेमरीही खुली ठेवते, आणि कोणते कधी वापरायचे हे पुन्हा माणसावर सोडते. २०१५ मध्ये स्थिरावलेली रस्ट वेगळे करते. प्रत्येक मूल्याला एकच मालक. समांतर चालणाऱ्या दुसऱ्या थ्रेडकडे ते सोपवल्यावर पहिल्याने वापरायचा प्रयत्न केला तर कंपायलर प्रोग्राम बनवूच देत नाही. ही भाषा शिकायला जड जाते, ही तक्रार खरीच आहे. पण हा त्रास प्रोग्राम लिहिणाऱ्याला त्याच्या टेबलावर होतो. थेरॅकच्या वेळी तो रुग्णाच्या वाट्याला आला होता.

डेडलॉक मात्र रस्टही रोखत नाही. कोणी आधी बोलायचे, उत्तर कोणत्या प्रकारचे यायचे, संभाषण कुठे संपायचे, हा करारच टाइपमध्ये लिहिण्याची कल्पना कोहेई होंडा यांनी १९९३ मध्ये मांडली. सेशन टाइप या नावाने तिच्यावर भरपूर संशोधन झाले आहे. रोजच्या कामाच्या भाषांमध्ये ती अजून बहुतांशी लायब्ररीपुरतीच आहे, आणि पुढच्या भाषा घडवणाऱ्यांनी हात घालायला हवा तो इथेच.