भंडाऱ्याचा पाऊस ठरतो बंगालच्या उपसागरात

मॉन्सून केरळात दाखल झाला, कोकणात पोचला, मुंबईत पाणी तुंबले, या बातम्या जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पूर्व विदर्भातही डोळे लावून वाचल्या जातात. त्यातून एक समज पक्का झाला आहे: पाऊस अरबी समुद्रावरून निघतो, सह्याद्रीवर रिता होतो आणि उरलासुरला आपल्या वाट्याला येतो. पण भंडारा जिल्ह्याचे पर्जन्यमान या समजाला दाद देत नाही. घाटमाथ्यावर काही ठिकाणी वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि घाट उतरून अहिल्यानगरकडे आले की तो पाचशे-सहाशेवर येतो, इथपर्यंत ठीक. मात्र पाऊस पश्चिमेचाच असता तर पुढे पूर्वेकडे तो घटतच जायला हवा होता. प्रत्यक्षात तो वाढतो. नागपूरला सुमारे १,१००, भंडाऱ्याला सुमारे १,३०० आणि गडचिरोलीकडे त्याहूनही अधिक मिलिमीटर. अरबी समुद्र भंडाऱ्यापासून सातशे किलोमीटरहून दूर आहे, आंध्र-ओडिशाचा किनारा साधारण साडेपाचशे. या जिल्ह्याला समुद्र नाही, पण त्याच्या शेतीचे वेळापत्रक समुद्रच ठरवतो, आणि तो समुद्र पूर्वेचा आहे.

यावर कोणी म्हणेल की जुलै-ऑगस्टात भंडाऱ्यावर वारा वाहतो तो पश्चिमेकडून, मग पाऊस पूर्वेचा कसा? आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर हाच या हवामानाचा गाभा आहे. हवेत नुसती वाफ असून पाऊस पडत नाही. ती हवा वर उचलली जावी लागते. कोकणात हे काम सह्याद्रीची भिंत करते, म्हणून तिथला पाऊस बऱ्यापैकी खात्रीचा. भंडाऱ्यात अशी भिंत नाही. इथे हवा उचलतात ती बंगालच्या उपसागराच्या उत्तर भागात तयार होऊन ओडिशा, छत्तीसगडमार्गे पश्चिम-वायव्येला सरकणारी कमी दाबाची क्षेत्रे. अशा क्षेत्राचा सर्वांत जोरदार पाऊस त्याच्या केंद्रापासून नैर्ऋत्येला पडतो. केंद्र छत्तीसगड किंवा पूर्व मध्य प्रदेशावर असताना नैर्ऋत्येचा तो भाग बहुधा पूर्व विदर्भावर येतो. त्या वेळी बरसणाऱ्या वाफेत अरबी समुद्राचा वाटा असतोच, तो नाकारण्याचे कारण नाही. मात्र ती कधी बरसणार, हे पूर्वेकडून येणारी प्रणाली ठरवते. अशी एखादी प्रणाली आली की दोन-चार दिवस झडी लागते. मॉन्सूनचा आस, म्हणजे कमी दाबाचा लांबट पट्टा, हिमालयाच्या पायथ्याशी सरकला आणि उपसागर शांत झाला की आठ-पंधरा दिवस कोरडे जातात.

म्हणून भंडाऱ्याचा दुष्काळ बेरजेत दिसत नाही. वर्षाची सरासरी गाठूनही धान जाऊ शकते, कारण धानाला पाणी ठरावीक वेळी लागते. मृग नक्षत्रात पऱ्हे (धानाची रोपे) टाकले आणि रोवणीच्या वेळी बांध्यांत पाणी नसले, की पऱ्हे जून होतात आणि फुटवे कमी येतात. सप्टेंबरात धान निसवताना खंड पडला तर लोंबी पोचट राहते. हवामानशास्त्रज्ञ बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी २००६ साली मध्य भारताच्या १९५१ ते २००० या काळातील नोंदी तपासल्या. मॉन्सूनच्या एकूण पावसात ठळक बदल आढळला नाही, पण अतिवृष्टीच्या घटना वाढल्या होत्या आणि मध्यम पाऊस घटला होता. भातशेतीला नेमका हा मध्यम पाऊस हवा असतो.

इथला पाऊस झडी आणि खंड अशा तुकड्यांत येतो, ही गोष्ट जुन्या गावकऱ्यांनी उपग्रहाविना ओळखली होती. भंडाऱ्यातले माजी मालगुजारी तलाव, आजच्या बोलीत मामा तलाव, आणि शेताशेतांतल्या बोड्या (छोटी तळी) झडीचे पाणी अडवून खंडाच्या दिवसांत वापरण्यासाठीच बांधलेल्या. हे तलाव उथळ आहेत, गाळाने भरलेत, उन्हाळ्यात आटतात, ही त्यांच्यावरची नेहमीची टीका. गाळाबद्दल ती खरीच आहे. १९५१ साली मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, संपली आणि पाळीची, पाटाची देखभाल कोणाची, हा प्रश्न लोंबकळत राहिला. पण मे महिन्यात तलाव आटतो म्हणून त्याला नालायक ठरवणे चूक आहे. मेच्या रखरखाटात उथळ पाण्याची वाफ होणारच. या तलावांची योजना सप्टेंबर-ऑक्टोबरातल्या पाण्याच्या एक-दोन पाळ्यांसाठी होती, उन्हाळी धानासाठी नव्हे.

मग गोसीखुर्द कशासाठी, असेही विचारले जाईल. १९८८ साली पायाभरणी झालेले ते धरण मोठे आहे, उपयोगाचे आहे, पण ते जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला पवनीजवळ आहे. कालव्याचे पाणी उताराने खाली जाते. वरच्या अंगाच्या साकोली-लाखनीतल्या बांध्यांना ते आपसूक मिळत नाही. शिवाय मोठे धरण आणि गावचा तलाव यांच्यात एकाचीच निवड करायची, हा आग्रह कशाला? दोघांची कामे वेगळी आहेत. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेने भंडारा शहरात पाणी घुसवले. त्या पुरामागे मध्य प्रदेशातला जोरदार पाऊस आणि तिथल्या संजय सरोवरातून सोडलेले पाणीही होते. असा महापूर बोड्या अडवू शकत नाहीत, ते त्यांचे कामच नव्हे.

उपसागर काय करणार याचा अंदाज आता काही दिवस आधी बांधता येतो. हवामान विभाग दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज देतो. त्यात तिसऱ्या-चौथ्या आठवड्याचा भरवसा कमी, पहिल्या दोन आठवड्यांचा बराच बरा. रोवणी दोन दिवस पुढे ढकलायची की तलावाचे दार आत्ताच उघडायचे, हे ठरवायला तेवढे पुरते. मुंबईत पाऊस कधी आला यापेक्षा जुलैत उपसागराच्या उत्तर भागात कमी दाबाचे क्षेत्र तयार होते आहे का, ही बातमी लाखांदूरच्या धानकऱ्याच्या जास्त कामाची आहे.