खरे शौर्य

पुण्यातील खडकी येथे भारतीय सैन्याच्या ‘बॉम्बे सॅपर्स’ या जुन्या दलाचे केंद्र आहे. अशा दलास पूर्वी लोक ‘सफरमैना’ म्हणत. रस्ते करणे, पूल बांधणे, शत्रूने पेरलेले सुरुंग काढणे, ही या सैनिकांची कामे. शत्रूवर तुटून पडणे म्हणजेच शौर्य, असे पुष्कळांना वाटते. याच दलातील रामा राघोबा राणे यांच्या पराक्रमावरून शौर्याचा निराळा अर्थ ध्यानात येतो.

राणे यांचा जन्म १९१८ साली कारवारकडील एका खेड्यात झाला. १९४० साली ते सैन्यात दाखल झाले. एप्रिल १९४८ मध्ये भारतीय सैन्य नौशेराहून राजौरीकडे निघाले. राजौरीतील लोकांचे प्राण संकटात होते. परंतु शत्रूने सुरुंग पेरून व झाडे आडवी पाडून वाट अडविली होती. आरंभीच तोफांच्या माऱ्यात राणे यांच्या तुकडीतील दोघे धारातीर्थी पडले. स्वतः राणेही जखमी झाले. तरी ते मागे फिरले नाहीत. गोळ्यांच्या वर्षावात, रणगाड्याच्या आडोशाने सरपटत, ते सुरुंग काढीत पुढे गेले. अखेर वाट मोकळी झाली आणि सैन्य राजौरीस पोचले.

या पराक्रमाबद्दल राणे यांना ‘परमवीर चक्र’ मिळाले. पदक एकाच्या छातीवर झळकले; पण त्या दोघा वीरांनीही त्याच कार्यासाठी प्राण वेचले होते. म्हणून पदक ही शौर्याची केवळ खूण होय. मागून येणाऱ्यांची वाट निर्वेध व्हावी, यासाठी संकटातही आपले काम तडीस नेणे, हेच खरे शौर्य.