फिरती डिस्क आणि घरची डिस्क

छत्रपती संभाजीनगरात लग्नाचं शूटिंग करणाऱ्या स्टुडिओंची एक्स्टर्नल हार्ड डिस्क एका जागी बसत नाही. व्हिडिओचं एडिटिंग मॅकवर, अल्बमची जुळणी विंडोजवर, आणि शेवटी ती पाहुण्यांच्या घरी टीव्हीला लागते. अशा डिस्कवर सहाशे जीबी जागा मोकळी दिसते आहे, आणि तरी सप्तपदीची नऊ जीबीची फाइल टाकायला गेलं की ‘फाइल फार मोठी आहे’ असा निरोप येतो. पहिला संशय डिस्कवर जातो. खरं तर डिस्क चांगली असते, अडचण तिच्या फॉरमॅटची असते. फॉरमॅट म्हणजे डिस्कचं दप्तर: कोणती फाइल कुठे ठेवली, ती केवढी आहे, हे नोंदवण्याची पद्धत. 1996 मध्ये विंडोज 95 सोबत आलेल्या फॅट32 मध्ये फाइलचा आकार लिहायला 32 बिटांचीच जागा आहे. तिथे जास्तीत जास्त 429 कोटी 49 लाख 67 हजार 295 बाइट, म्हणजे चार जीबी, एवढाच आकडा मावतो. तेव्हा तो अफाट वाटला असणार. आज सेकंदाला 100 मेगाबिट वेगाने होणारं फोरके चित्रीकरण तो पावणेसहा मिनिटांत गाठतं. मंगलाष्टकंसुद्धा बहुधा त्याहून लांबतात.

मग एनटीएफएस का नको? 1993 मध्ये विंडोज एनटीसाठी आलेलं हे फॉरमॅट भक्कम आहे आणि मोठ्या फाइलीही सहज सांभाळतं. पण मॅक अशी डिस्क फक्त वाचतो. वेगळं सॉफ्टवेअर घेतल्याशिवाय तिच्यावर काही लिहू देत नाही. मॅकचं स्वतःचं एपीएफएस घ्यावं, तर विंडोजला ते वाचताही येत नाही. हात बदलणाऱ्या डिस्कसाठी म्हणूनच मी एक्सफॅटच्या बाजूने आहे. 2006 मध्ये मायक्रोसॉफ्टने ते आणलं, 2010 पासून मॅकनेही स्वीकारलं, आणि 2019 मध्ये त्याचा तपशील खुला झाल्यावर लिनक्सच्या गाभ्यातही त्याला जागा मिळाली. 64 जीबी आणि त्यावरची कॅमेऱ्याची कार्डं मुळातच या फॉरमॅटमध्ये येतात. म्हणजे कॅमेऱ्यापासून टेबलापर्यंत एकच भाषा चालते.

जाणकारांचा यावर एक आक्षेप असतो, आणि तो खोटा नाही. एनटीएफएस दप्तरातला प्रत्येक बदल आधी रोजनिशीत टिपतं आणि मग करतं. त्यामुळे मध्येच वीज गेली तरी त्याला घडी पुन्हा बसवता येते. एक्सफॅटला अशी रोजनिशी नाही. फॅट32 निदान आपल्या तक्त्याच्या दोन प्रती ठेवतं, एक्सफॅट सहसा एकच. कॉपी चालू असताना केबल ओढली तर फाइली गमावण्याची भीती खरीच आहे. पण ती रोजनिशी दप्तर सांभाळते, डिस्क सांभाळत नाही. हातातून पडलेल्या किंवा चोरीला गेलेल्या डिस्कपुढे तिचा काय उपयोग? याच जिल्ह्यातल्या अजिंठ्याच्या चित्रांचं उदाहरण मोठं बोलकं आहे. रॉबर्ट गिल यांनी 1844 पासून वर्षानुवर्षं खपून तिथल्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेल्या त्या प्रतिकृती 1866 च्या आगीत जवळजवळ सगळ्या गेल्या. मग जॉन ग्रिफिथ्स आणि जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी 1872 पासून ते काम नव्याने केलं, आणि 1885 मध्ये लंडनमध्येच लागलेल्या आगीत त्यांतलीही बरीच चित्रं जळाली. कॅनव्हास कच्चा होता म्हणून हे झालं नाही. इतक्या कष्टाचं काम एकाच छपराखाली ठेवलं होतं.

म्हणून एक डिस्क फिरती ठेवावी, एक्सफॅटची. आणि दुसरी घरची, जी आपल्याच संगणकाला लागेल. तिला मात्र विंडोज असेल तर एनटीएफएस आणि मॅक असेल तर एपीएफएस द्यावं, कारण तिला परक्या यंत्राशी बोलायचंच नाही. दोन डिस्कांचा खर्च जड वाटतो, हे मान्य; पण लग्न पुन्हा उभं करून शूटिंग घेता येत नाही. पाहुण्यांचा जुना टीव्ही एक्सफॅट ओळखत नसेल तर तेवढ्यासाठी फॅट32 चा पेनड्राइव्ह द्यावा, व्हिडिओचे चार जीबीपेक्षा लहान तुकडे करून. फॉरमॅट करताना डिस्कवरचं सगळं पुसलं जातं, तेव्हा हे काम नवी डिस्क खोक्यातून काढल्याबरोबर, ती कोरी असतानाच उरकावं. विंडोजमध्ये डिस्कच्या चिन्हावर राइट क्लिक करून ‘फॉरमॅट’ निवडायचं; मॅकमध्ये डिस्क युटिलिटी उघडायची. आणि फिरती डिस्क काढताना आधी ‘इजेक्ट’ करायचं, मगच केबलला हात लावायचा, दारात गाडी हॉर्न वाजवत उभी असली तरी.