९५ गोलांचे मोल : आघाडीपटूची कामगिरी मोजायची कशी?

कोलकात्याच्या विवेकानंद युवाभारती क्रीडांगणावर ६ जून २०२४ रोजी भारत आणि कुवेत यांच्यातील विश्वचषक पात्रता सामना गोलशून्य बरोबरीत सुटला आणि भारताचा कर्णधार सुनील छेत्री याने आंतरराष्ट्रीय फुटबॉलचा निरोप घेतला. १५१ सामने आणि ९४ गोल, अशी त्याची त्या दिवशीची नोंद होती. देशासाठी सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या जागतिक यादीत त्या वेळी त्याच्यापुढे केवळ तिघे जण होते : पोर्तुगालचा ख्रिस्तियानो रोनाल्डो, अर्जेंटिनाचा लिओनेल मेस्सी आणि इराणचा अली दाई.

ही निवृत्ती मात्र दहा महिनेही टिकली नाही. तत्कालीन प्रशिक्षक मानोलो मार्केझ यांनी छेत्रीला पुन्हा पाचारण केले आणि १९ मार्च २०२५ रोजी शिलाँग येथे मालदीवविरुद्ध त्याने आपला ९५वा गोल नोंदवला. त्या वेळी त्याचे वय ४० वर्षांचे होते.

या आकड्यांवरून दोन परस्परविरोधी निष्कर्ष काढले जातात. छेत्री हा जगातील थोर आघाडीपटूंपैकी एक आहे, असे काही जण म्हणतात. दुबळ्या संघांविरुद्ध केलेल्या गोलांची ही बेरीज आहे, असे इतरांचे म्हणणे असते. दोन्ही बाजू एकाच आकड्याकडे पाहतात आणि चूकही एकच करतात. गोलांची संख्या हे आघाडीपटूच्या मूल्यमापनाचे पहिले पाऊल आहे, शेवटचे नव्हे.

संख्या आणि सरासरी

एकूण गोलांच्या संख्येत खेळाडूच्या गुणवत्तेइतकाच त्याच्या कारकिर्दीच्या लांबीचाही वाटा असतो. छेत्रीने १२ जून २००५ रोजी क्वेट्टा येथे पाकिस्तानविरुद्ध पदार्पणातच गोल केला आणि त्यानंतर जवळपास दोन दशके तो भारताकडून खेळत राहिला. याउलट पश्चिम जर्मनीच्या गेर्ड म्युलरने केवळ ६२ सामन्यांत ६८ गोल केले. प्रतिसामना सरासरी काढली, तर म्युलरची १.१० आणि पहिल्या निवृत्तीच्या वेळी छेत्रीची ०.६२ येते. एकूण संख्येत मागे असलेला म्युलर सरासरीत बराच पुढे निघून जातो.

क्रिकेटमध्ये केवळ धावांवरून फलंदाज जोखला जात नाही, सरासरीही पाहिली जाते. फुटबॉलमध्येही हाच न्याय लागू होतो. मात्र येथे आणखी एक अडचण असते. बदली खेळाडू म्हणून शेवटची २० मिनिटे मैदानात आलेल्याच्या नावावरही एक पूर्ण सामना जमा होतो. म्हणून जाणकार सामन्यांऐवजी मिनिटे मोजतात. समजा, एका आघाडीपटूने २० सामने पूर्ण वेळ खेळून १० गोल केले, तर दर ९० मिनिटांमागे त्याचा अर्धा गोल होतो. दुसऱ्याने २० सामन्यांत प्रत्येकी ३० मिनिटे खेळून सहाच गोल केले, तरी दर ९० मिनिटांमागे त्याचे प्रमाण ०.९ येते. यादीत पहिला वर दिसतो, परंतु मैदानावरील वेळेचा अधिक चांगला उपयोग दुसऱ्याने केलेला असतो.

समोर कोण होते?

११ एप्रिल २००१ रोजी विश्वचषक पात्रता सामन्यात ऑस्ट्रेलियाने अमेरिकन सामोआचा ३१-० असा पराभव केला. त्या एकाच सामन्यात आर्ची थॉम्पसनने १३ गोल केले. संपूर्ण आंतरराष्ट्रीय कारकिर्दीत त्याच्या नावावर २८ गोल आहेत. म्हणजे जवळपास निम्मी कमाई एका सामन्याची होती. प्रतिस्पर्ध्याचा दर्जा विचारात न घेतल्यास आकडा कसा फसवा ठरतो, याचे याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण आहे.

छेत्रीच्या बाबतीतही हा प्रश्न रास्त आहे. त्याने दक्षिण आशियाई स्पर्धांमध्ये मोठ्या प्रमाणावर गोल केले. २०११च्या सॅफ स्पर्धेत एकट्याने सात गोल केले, तर २०२३ मध्ये बंगळूर येथे पाकिस्तानविरुद्ध हॅट्ट्रिक नोंदवली. युरोप किंवा दक्षिण अमेरिकेच्या संघांविरुद्ध केलेल्या गोलांच्या तराजूत हे गोल सरसकट घालता येणार नाहीत.

परंतु तेवढ्यावर थांबणेही अन्यायाचे ठरेल. आशिया चषकाच्या मुख्य स्पर्धेत भारताला बहुतेकदा आपल्याहून बलाढ्य संघांशी सामना करावा लागला. २०११, २०१९ आणि जानेवारी २०२४ मध्ये झालेल्या स्पर्धा मिळून भारताने नऊ सामने खेळले. त्यांत भारताचे एकूण सात गोल झाले आणि त्यांपैकी चार छेत्रीचे होते. बहारीन, दक्षिण कोरिया आणि थायलंड हे त्या वेळचे प्रतिस्पर्धी होते. चारपैकी दोन गोल पेनल्टीवर आले, हेही नमूद करायला हवे. २०२४च्या स्पर्धेत मात्र त्याला एकही गोल करता आला नाही. भारतानेही ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरिया या तिन्ही संघांविरुद्ध एकही गोल न करता पराभव पत्करला.

कोणत्या क्षणी आणि कशा प्रकारे?

४-० अशी आघाडी असताना झालेला पाचवा गोल आणि बरोबरीची कोंडी फोडणारा गोल नोंदवहीत सारखेच दिसतात. सामन्याच्या निकालावर मात्र त्यांचा परिणाम सारखा नसतो. ७ जून २०२१ रोजी दोहा येथे बांगलादेशविरुद्धच्या विश्वचषक पात्रता सामन्यात ७९व्या मिनिटापर्यंत गोलफलक कोरा होता. त्यानंतर छेत्रीने दोन गोल केले आणि भारताने सामना २-० असा जिंकला. २००८ मध्ये दिल्लीत झालेल्या एएफसी चॅलेंज चषकाच्या अंतिम सामन्यात त्याने ताजिकिस्तानविरुद्ध हॅट्ट्रिक केली. त्या विजयामुळे १९८४ नंतर प्रथमच, म्हणजे तब्बल २७ वर्षांनी, भारताला आशिया चषकाचे दार उघडले. या तीन गोलांचे वजन तीनपेक्षा अधिक होते.

थोड्या गोलांना मोठे वजन असू शकते, याचे भारतीय फुटबॉलमधील सर्वांत जुने उदाहरण मुंबईच्या मैदानांवर नावारूपाला आलेल्या नेव्हिल डिसोझाचे आहे. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याने हॅट्ट्रिक केली आणि भारताने ४-२ असा विजय मिळवला. उपांत्य फेरीत युगोस्लाव्हियाविरुद्ध भारताचा एकमेव गोलही त्याचाच होता. संपूर्ण स्पर्धेत त्याने केवळ चार गोल केले. पण त्या बळावर भारताने ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक मिळवला आणि तो स्पर्धेतील सर्वाधिक गोल करणाऱ्यांमध्ये संयुक्तपणे अव्वल ठरला.

अलीकडच्या काळात गोलांमागील संधीचेही मोजमाप होऊ लागले आहे. त्याला ‘अपेक्षित गोल’ असे म्हणतात. गोलजाळ्यापासूनचे अंतर, कोन, फटका पायाने मारला की डोक्याने, अशा बाबी विचारात घेऊन, तशा प्रकारच्या फटक्यांपैकी आजवर किती फटक्यांचे गोलात रूपांतर झाले, हे पाहिले जाते. त्यावरून प्रत्येक संधीला शून्य ते एक यांदरम्यान मूल्य दिले जाते. पेनल्टीचे मूल्य साधारण पाऊण गोल इतके धरले जाते. म्हणूनच पेनल्टीवरील गोल वेगळे काढून उरलेल्या गोलांकडे पाहण्याची पद्धत रूढ झाली आहे.

या मोजमापातून दोन गोष्टी समजतात. पहिली म्हणजे संधीच्या जागी पोहोचण्याची हातोटी, आणि दुसरी म्हणजे मिळालेल्या संधीचे सोने करण्याची क्षमता. एखाद्या मोसमात १० अपेक्षित गोल असताना १४ गोल करणारा खेळाडू नशीबवान असू शकतो. अनेक मोसम सातत्याने तसे घडले, तर मात्र ते कौशल्यच मानावे लागते.

गोल न करणारा आघाडीपटू

आघाडीपटूचे काम गोल करणे हे आहे, या समजाला फ्रान्सने दोनदा धक्का दिला. १९९८ मध्ये मायदेशातील विश्वचषक जिंकताना त्यांचा मध्यवर्ती आघाडीपटू स्टेफान गिवार्श याला एकही गोल करता आला नाही, तरीही अंतिम सामन्यात तो सुरुवातीपासून खेळला. २० वर्षांनी रशियात ऑलिव्हिए जिरूच्या बाबतीत तेच घडले. २०१८च्या त्या स्पर्धेत त्याचा एकही फटका गोलजाळ्याच्या दिशेने अचूक गेला नाही आणि फ्रान्स विश्वविजेता ठरला.

प्रशिक्षक दिदिए देशाँ यांनी त्याला वगळले नाही, याला कारण होते. उंच, दणकट जिरू प्रतिस्पर्ध्यांच्या मध्यवर्ती बचावपटूंना स्वतःशी झुंजत ठेवत असे. लांबून आलेला चेंडू तो छातीवर किंवा डोक्यावर घेऊन सहकाऱ्यांकडे सोपवत असे. त्यातून निर्माण झालेल्या मोकळ्या जागेत किलियन एम्बापे आणि आंत्वान ग्रीझमन घुसत. त्या दोघांनी स्पर्धेत प्रत्येकी चार गोल केले. पुढे याच जिरूने थिएरी आन्रीचा ५१ गोलांचा विक्रम मागे टाकला आणि १३७ सामन्यांत ५७ गोल करून तो निवृत्त झाला. २०१८ मध्ये तो गोल करणे विसरला नव्हता. त्या संघाला त्याच्याकडून वेगळे काम हवे होते.

यावरून एक कसोटी निघते. आघाडीपटूला कोणते काम दिले होते आणि ते त्याने किती चोख बजावले, हे आधी पाहावे लागते. दुसऱ्याला गोल करून देणारा पास, बचावपटूला जागेवरून हलवणारी धाव, प्रतिस्पर्ध्याच्या गोलक्षेत्राजवळच चेंडू हिसकावण्यासाठी टाकलेला दबाव, या कामांची नोंद गोलफलकावर होत नाही.

त्याच्याविना संघ

शेवटची कसोटी सर्वांत कठीण आहे. खेळाडू नसताना संघाचे काय होते? २०१८ मध्ये मुंबईत अंधेरी येथे झालेल्या आंतरखंडीय चषकात भारताने चार सामन्यांत ११ गोल करून विजेतेपद मिळवले. त्यांपैकी आठ गोल छेत्रीचे होते. पहिल्या सामन्याला जेमतेम अडीच हजार प्रेक्षक आल्यानंतर त्याने चित्रफितीद्वारे लोकांना मैदानावर येण्याची विनंती केली आणि पुढच्या सामन्याला क्रीडांगण भरले. हे मूल्य तर कोणत्याच सरासरीत मावत नाही.

तथापि, ही कसोटी जपून वापरावी लागते. १० सप्टेंबर २०१९ रोजी दोहा येथे तत्कालीन आशियाई विजेत्या कतारला भारताने गोलशून्य बरोबरीत रोखले, तेव्हा आजारपणामुळे छेत्री संघात नव्हता. २०२५च्या सुरुवातीच्या पात्रता सामन्यांनंतर नवे प्रशिक्षक खालिद जमील यांनी मध्य आशियाई ‘काफा’ नेशन्स चषकासाठी त्याला वगळले. त्या स्पर्धेत भारताने ताजिकिस्तानला २-१ असे हरवले आणि दोन्ही गोल अन्वर अली व संदेश झिंगन या बचावपटूंनी केले. भारताने तिसरे स्थानही मिळवले. म्हणजे त्याच्याविना संघ कोलमडतोच असे नाही.

मात्र गोल करणारा दुसरा भारतीय आघाडीपटू तयार झाला, असेही म्हणता येत नाही. छेत्री पुन्हा संघात आला, पण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मडगाव येथे सिंगापूरने भारताला २-१ असे नमवले आणि २०२७च्या आशिया चषकाची भारताची वाट बंद झाली. त्या पात्रता फेरीत छेत्रीला एकही गोल करता आला नव्हता.

या स्थितीचे मूळ देशांतर्गत स्पर्धेत दिसते. इंडियन सुपर लीगच्या २०१४ ते २०२४-२५ या सर्व मोसमांत सर्वाधिक गोलांचा मान परदेशी खेळाडूंनीच पटकावला. २०२४-२५च्या मोसमात नॉर्थईस्ट युनायटेडचा मोरोक्कन आघाडीपटू अलाएद्दिन अजराई २३ गोलांसह अग्रस्थानी राहिला. भारतीयांमध्ये सर्वाधिक १४ गोल होते ते चाळिशीतील छेत्रीचेच. क्लबना तातडीने विजय हवे असतात, म्हणून आघाडीची जागा परदेशी खेळाडूला दिली जाते आणि तरुण भारतीय आघाडीपटूला बगलेकडे किंवा राखीव खेळाडूंच्या बाकावर बसावे लागते. जो आघाडीपटू क्लबसाठी त्या जागेवर खेळतच नाही, तो देशासाठी अचानक गोल कसे करणार?

आकड्याचा अर्थ

म्हणून ९५ या आकड्याचा अर्थ सावधपणे लावावा लागतो. या गोलांमुळे छेत्री मेस्सीच्या बरोबरीचा ठरत नाही, कारण प्रतिस्पर्धी आणि स्पर्धा दोन्ही निराळ्या आहेत. परंतु मेस्सीच्या भोवती जे सहकारी होते, तसे छेत्रीला कधीच लाभले नाहीत. ज्या संघाला मोजक्याच संधी मिळतात, त्या संघात दोन दशके गोल करत राहणे हे कमी मोलाचे नाही. चाळिशीत त्याला परत बोलवावे लागले, यातून त्याचे मोठेपण दिसते. भारतीय फुटबॉलची उणीवही तितकीच दिसते.

यापुढे भारताच्या एखाद्या नव्या आघाडीपटूचे कौतुक होईल किंवा त्याच्यावर टीका होईल, तेव्हा वाचकाने काही साधे प्रश्न विचारावेत. तो किती मिनिटे खेळला? समोर कोण होते? गोल पेनल्टीवर झाला की खेळातून? सामना कोणत्या वळणावर होता? त्याला संघाने कोणते काम दिले होते आणि त्याच्यापर्यंत चेंडू किती वेळा पोहोचला? या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यानंतरच त्याच्या नावापुढील आकड्याला अर्थ येतो.