वादळात कललेले झाड

१९६० साली कॅरोल, १९७५ साली जर्वेझ, २०२४ साली बेलाल! आपल्या मॉरिशस बेटाने कितीतरी वादळे सोसली. वारा थांबला की आपण कुऱ्हाड हाती घेतो. पण वाचकहो, अंगणातले वाडवडिलांच्या हातचे झाड तोडण्याआधी त्याची मुळे पाहू या.

लहान आंबा किंवा लिची नुसती कलली असेल आणि बरीच मुळे मातीत शाबूत असतील, तर उघडी मुळे ओल्या गोणपाटाने झाकावी, झाड हळूहळू उभे करावे, माती दाबून टेकू द्यावा. मोडकी फांदी आधी खालून थोडी कापावी, म्हणजे साल सोलत नाही. जखमेला डांबर फासू नये. मात्र मोठ्या झाडाचा बुंधाच चिरून ते घरावर झुकले असेल, तर माया आवरून जाणकाराकडून ते उतरवून घेऊ या. त्या जागी नवे रोप आपली मुले लावतील.