पालखीपुढे बेंजो : सुपारी देण्याआधी ठेका ठरवा

भाताच्या लोंब्या भरू लागतात, दसरा तोंडावर येतो आणि गावकीच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो. यंदा पालखीपुढे वाजवणार कोण? जुनी मंडळी म्हणतात, ‘खालूबाजाच पाहिजे, देवाचा मान आहे तो.’ पोरं म्हणतात, ‘बेंजो आणा, नाहीतर कोण येतंय नाचायला?’ आवाज चढतात, कोणीतरी उठून जातो आणि शेवटी वर्गणी ज्याच्या हातात त्याचे खरे होते. रोह्याला खेटून असलेल्या वरशापासून पार पेणच्या खारेपाटापर्यंत हा वाद तुम्ही ऐकला असेल. कदाचित त्यात बोललाही असाल.

वादात दोन्ही बाजूंचे थोडे थोडे खरे आहे. पण मूळ मुद्दा वाद्याचा नाहीच. दुसऱ्यांची गाणी वाजवणारे पथक आपला नेहमीचा मांडव सोडून देवाच्या दारी येते तेव्हा त्याने कोणाच्या पावलाने चालायचे, हा खरा मुद्दा आहे. तो बैठकीत कोणी काढत नाही.

आधी बेंजो म्हणजे काय ते पाहू. आपण ज्याला बेंजो म्हणतो तो अमेरिकेतला गोल बँजो नव्हे. हे वाद्य बुलबुलतरंग. त्याचा मूळपुरुष जपानचा. १९१२ साली नागोया शहरात गोरो मोरिता यांनी ‘तैशोगोटो’ नावाचे वाद्य तयार केले. लाकडी पेटीवर तारा ताणलेल्या आणि वर टाइपरायटरसारख्या कळा. डाव्या हाताने कळ दाबायची, उजव्या हाताने तार छेडायची. शिकायला सोपे, किमतीला हलके. ते भारतात आले, बुलबुलतरंग झाले, आणि मुंबई-कोकणच्या पोरांनी त्याला विजेची जोड देऊन कर्ण्यावर चढवले. सोबत ढोल, ताशा, ड्रम, कीबोर्ड आले, की झाली बेंजो पार्टी. २०१६ साली रवी जाधव यांनी ‘बँजो’ नावाचा हिंदी चित्रपटच या वादकांवर काढला, त्यात रितेश देशमुख होते.

या पार्ट्यांचे घरचे मैदान कोणते? हळदीची रात्र, लग्नाची वरात, गणपतीचे विसर्जन. गाणी बहुतेक दुसऱ्यांची. कोळीगीते आणि चित्रपटातली नाचाची गाणी. २०१६ च्या ‘सैराट’च्या संगीतासाठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसला जाऊन मोठा पाश्चात्त्य वाद्यवृंद वापरला होता. त्याच चित्रपटातले ‘झिंगाट’ आपल्या गावची सात-आठ पोरे एका बेंजोवर आणि चार ढोलांवर उभे करतात आणि सारा मांडव नाचतो. हे काही सोपे काम नाही. दिवसभर शेतात किंवा धाटावच्या कारखान्यात राबून रात्री तालीम करणाऱ्या पोरांचे कौतुक केलेच पाहिजे.

आता पालखीकडे या. रोह्याच्या धावीर महाराजांची पालखी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी निघते आणि तिला पोलीस सशस्त्र सलामी देतात, ही ब्रिटिश काळापासूनची प्रथा. हा थाट तुम्हाला सांगायला नको. गावोगावच्या पालख्यांना असा सरकारी मान नसेल, पण दारोदारचा मान तितकाच. घराघरापुढे पालखी थांबते, ओवाळणी होते, सासुरवाशिणी ओटी भरतात, नवस बोलले जातात. हे सारे सावकाश चालते. पालखीच्या दांड्याखाली माणसाचा खांदा असतो, आणि वाजंत्री त्या खांद्यासाठी असते.

खालूबाजा हे ओळखतो. सनई, ढोल, टिमकी, झांज, एवढाच त्याचा पसारा. वाजवणाऱ्याचा डोळा पालखीवर. पालखी उचलली की ठेका उठतो, पालखी थांबली की सनई लांबवली जाते, पालखी नाचवायची म्हटली की ढोल चढतो. सनईचा सूर श्वासावर तोललेला. वाजवणारा ओठाने आणि फुंकरीने तो वाकवतो, खेचतो, एका सुरातून दुसऱ्यात घसरत नेतो.

बेंजोला यातले काही सहज जमत नाही, आणि तो वाजवणाऱ्याचा दोष नव्हे. कळ दाबली की ठरलेला सूर निघतो, मधला नाही. तार छेडली की आवाज लगेच विरू लागतो. लांब सूर धरायचा तर हात भराभर चालवावा लागतो. म्हणून सावकाश चालसुद्धा बेंजोवर घाईची वाटते. त्यात पार्टीला सवय मांडवाची. एक गाणे संपायच्या आत दुसरे सुरू करायचे, नाचणाऱ्याला दम घेऊ द्यायचा नाही. तोच हिशेब पालखीपुढे लावला की काय होते, ते तुम्ही पाहिले असेल. वाजंत्री नाक्यावर, पालखी मागे तिसऱ्या घरापाशी. नाचणारे एकीकडे, देव दुसरीकडे. ओटी भरणाऱ्या बाईला शेजारणीचा शब्द ऐकू येत नाही. खांदेकरी मुकाट घामाघूम.

म्हणून बेंजो हाकलून द्यावा का? नाही. तसे म्हणणाऱ्यांनी आपल्या भजनातल्या पेटीकडे पाहावे. पेटी तरी कुठे आपली होती? हार्मोनियमचे पेटंट १८४२ साली पॅरिसमध्ये अलेक्झांडर दबँ यांनी घेतले. तिलाही कळा आहेत, तिचाही सूर घसरत नाही. याच कारणावरून १९४० साली आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली आणि ती पुढे अनेक वर्षे टिकली. पण आमच्या भजनी बुवांनी बंदी विचारात घेतली नाही. त्यांनी पेटी पुढे बसवली, पण कामाला लावली ती गळ्याच्या. बुवा थांबला की पेटी थांबते, बुवाने तान घेतली की पेटी मागून धावते. परदेशी वाद्य अशा रीतीने देवळात रुळले. आज पेटीवाचून भजन म्हटले तर आपल्यालाच चुकल्यासारखे होईल.

मोठ्या ठिकाणीही हेच दिसते. दिल्लीत २९ जानेवारीला सैन्यदलांच्या बँडचा ‘बीटिंग रिट्रीट’ सोहळा होतो. २०२२ साली त्यात इंग्रजी प्रार्थनागीताच्या जागी ‘ऐ मेरे वतन के लोगो’ची चाल आली. चाल आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्र यांची, म्हणजे सिनेमाच्या माणसाची. पण ती लष्कराच्या मैदानावर वाजली तेव्हा मैदानाच्या शिस्तीत वाजली. त्याच वर्षी मुंबई पोलीस दलाच्या बँडने ‘बेला चाओ’ ही इटालियन लोकगीताची चाल वाजवली आणि लोकांनी ती आवडीने ऐकली. चाल कोठूनही येवो, ज्या जागी वाजवायची त्या जागेचा मान राखला की ती खपून जाते.

तेव्हा सरपंच, गावकीचे अध्यक्ष आणि उत्सव मंडळाच्या पोरांनो, सुपारी देण्याआधी पार्टीच्या म्होरक्याला समोर बसवा आणि चार गोष्टी ठरवा. पहिली, पालखीच्या पुढे किती पावले अंतर ठेवायचे आणि पालखी थांबली की वाजप उतरवायचे, हे. त्यासाठी खुणेला गावचा एक माणूस द्या, आणि त्याचा हात वर गेला की ढोल थांबला पाहिजे. दुसरी, गाण्यांची यादी. देवळाच्या आवारात आणि ओवाळणीच्या वेळी कोणत्या चाली, आणि मोकळ्या जागी नाचाच्या कोणत्या, हे आधीच लिहून घ्या. कोळीगीताचा झुलता ठेका पालखीला चांगला बसतो. तिसरी, कर्ण्यांची संख्या. गाडीवर भिंतीएवढे कर्णे रचले म्हणजे भक्ती वाढत नाही. चौथी, वेळ.

वेळेच्या बाबतीत कायदा स्पष्ट आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० साली आले. त्यानुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही, आणि नुसते वाद्यही चालत नाही. सणासुदीला राज्य शासन वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकते. आपला दिवस त्यात आहे का, हे पोलीस ठाण्यात आधी विचारा. निवासी भागासाठी आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते. रोहे-धाटाव भागात रात्रपाळी करून दिवसा झोपणारे कामगारही आहेत. त्यांच्या दारापुढे दोन मिनिटे ढोल हलका केला तर देव रागावणार नाही.

दुसरी एक भीती हल्ली मंडळांना घातली जाते. ‘सिनेमाची गाणी वाजवता, पैसे भरा.’ घाबरू नका, पण माहिती ठेवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये खऱ्याखुऱ्या धार्मिक समारंभात गाणे वाजवणे हा हक्कभंग धरलेला नाही. लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभही त्यात येतात. मात्र तिकीट लावून ऑर्केस्ट्रा ठेवला तर ही सवलत गृहीत धरू नका. तेथे परवाना लागू शकतो. ग्रामपंचायतीच्या भाऊसाहेबांनी एवढी गोष्ट मंडळांना समजावून सांगितली तरी पुष्कळ काम होईल.

आता राहिला खालूबाजा. तो वाजवणारी माणसे थकत चालली आणि त्यांच्या पोरांना त्यात पोट भरण्याची खात्री वाटत नाही. वर्षातून एकदा बोलवायचे, तेही बेंजोच्या मागे उभे करायचे, मग कोण शिकेल सनई? गावाने ठरवले तर उपाय हाताशी आहे. उचलताना, ओवाळणीला आणि देव देवळात जाताना खालूबाजा. मधल्या वाटेवर, मोकळ्या जागी, बेंजो. दोघांना एकाच वेळी वाजवायला लावू नका, त्यात सनई बुडते. बिदागी मात्र दोघांनाही मानाची द्या.

आणखी एक करा. पालखीच्या पंधरा दिवस आधी बेंजोच्या पोरांना दोन संध्याकाळ म्हाताऱ्या ढोलवाल्याजवळ बसवा. पालखी उचलण्याचा ठेका कोणता, नाचवण्याचा कोणता, ठेवण्याचा कोणता, हे कागदावर कोठे लिहिलेले नाही. ते त्याच्या हातात आहे. तो हात गेला की तो ठेकाही गेला. पोरे हुशार आहेत. मोबाईलवर ऐकून एका रात्रीत नवे गाणे बसवतात, त्यांना हे अवघड नाही. त्यांना कोणी सांगितलेले नाही, एवढेच.

गावात पन्नाशी ओलांडलेला जुना कलावंत असेल तर त्याच्यासाठी शासनाची मानधन योजना आहे. २०२४ साली तिला राजर्षी शाहू महाराजांचे नाव मिळाले आणि मानधन महिना ५,००० रुपये झाले. आपला सनईवाला अर्ज करायला आपणहून तालुक्याला जाणार नाही. कागद कोणते, दाखला कोणाचा, हे त्याला ठाऊक नसते. ग्रामपंचायतीने त्याचे कागद करून द्यावेत. ग्रामसभेत एक ठराव आणि एका कारकुनाची एक सकाळ, एवढाच खर्च.

तेव्हा मंडळी, बैठकीत ‘बेंजो की खालूबाजा’ असा हात वर करून निकाल लावू नका. पुढे कोण वाजवतो याला फारसे महत्त्व नाही. तो मागे वळून पालखीकडे पाहतो की नाही, तेवढे बघा. पाहणारा असेल त्याला खुशाल सुपारी द्या, मग त्याच्या हातात सनई असो नाहीतर बेंजो.